काटेशेठनं वजन उतरवलं

शहराबाहेर, मोठ्या रस्त्याला लागून ट्रकांचा वजनकाटा होता. जमिनीत बसवलेली लांबलचक लोखंडी पाटी, तिच्या कडेला काचेची खोली आणि त्या खोलीत हा गडी. गाडी पाटीवर चढली की आकडा याच्यासमोर उमटायचा. आधी भरलेली गाडी, मग माल उतरवून आलेली रिकामी गाडी, वजाबाकी, पावती, चला पुढे. ड्रायव्हर त्याला काटेशेठ म्हणायचे. शेठ कसला, साधा पगारी नोकर! पण देह मात्र शेठला शोभेल असा. "शेठ, एकदा तुम्हीच चढा की काट्यावर!" ही थट्टा रोज कोणीतरी करायचंच आणि हा रोज तितक्याच खुशीत हसायचा. आपल्या जाडीचं त्याला कधी वाईट वाटलंच नाही. का वाटावं? ती सगळी ताईच्या हातची होती.

ताई थोरली. आई गेली तेव्हा ती स्वतःच शाळकरी पोर आणि हा तिच्या कडेवर. तेव्हापासून तिनं जो घास याच्या तोंडाशी धरला, तो केस पांढरे झाले तरी खाली ठेवला नाही. "ढब्बू, एवढं संपव." "ढब्बू, टाकायचं नाही हं." शिवणाच्या मशीनवर पाय मारून तिनं घर चालवलं. तिचं लग्न राहिलं, मग याचंही राहिलं, आणि त्याचं दोघांनाही फारसं काही वाटलं नाही. दोन खोल्या, एक मशीन, दोन माणसं. सकाळी ती डबा इतका ठासून भरायची की झाकण लावताना दोन्ही हातांनी दाबावं लागायचं.

ती ताई पिवळी पडायला लागली. आधी डोळे, मग हातपाय, मग पोटात पाणी. इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, लिव्हर संपत आलंय, कोणीतरी आपल्या लिव्हरचा तुकडा दिला तरच काही होईल.

"माझा घ्या," काटेशेठ म्हणाला. त्याला वाटलं, एवढा मोठा देह, त्यातला तुकडा गेला तर कळणारसुद्धा नाही.

रक्त जुळलं. बाकी सगळं जुळलं. पण पोटाची तपासणी झाली आणि डॉक्टरांनी मान हलवली. याच्या लिव्हरमध्ये चरबी साचली होती. असलं लिव्हर कापणं याच्या जिवाला धोक्याचं आणि ताईलाही निरुपयोगी. "वजन उतरवा. नीट उतरवलंत तर दोन महिन्यांत चरबी जाईल. ताई तीनेक महिने तग धरतील असं वाटतं. म्हणजे वेळ आहे."

वेळ आहे! डॉक्टर हे स्वच्छ बोलले होते. पण भेदरलेल्या माणसाच्या कानात बरोबर नको तेवढंच शिरतं. त्याच्या कानात शिरलं ते 'तीनेक महिने'.

मग त्याला आहार सांगणाऱ्या बाईंकडे पाठवलं. बाई वयानं लहान, पण बोलणं पक्कं. "दिवसाला पंधराशे कॅलरी," त्या म्हणाल्या. अंडी किती, भात किती, भाजी-फळं किती, सगळं समजावलं. "आणि एक ऐका. याच्या खाली जायचं नाही. घाई असलेली माणसं हमखास तेच करतात. बायकांना बाराशे, पुरुषांना पंधराशे, याच्या खाली आम्ही डोळ्यांसमोर ठेवल्याशिवाय कुणाला नेत नाही. आठवड्याला किलोभर उतरलं तरी पुष्कळ झालं."

"आणि गेलं खाली तर?"

"तर शरीर बिथरतं. लिव्हरवरच ताण येतो. तुम्हाला तेच तर जपायचंय ना?"

त्यानं मान डोलावली. पटल्यासारखी डोलावली बरं का! पण हा माणूस उभी हयात काट्यावर बसलेला. त्याच्याकडे येणारा एकेक ड्रायव्हर म्हणजे नंबरी. कोणी भिजवलेली पोती आणायचा, कोणी पाण्याची टाकी भरून आणायचा, कोणी सीटमागे दोन माणसं झोपवायचा. जो तो थोडं वर सांगतो, थोडं खाली सांगतो, हातचं राखून सांगतो, हे त्याच्या हाडीमाशी मुरलेलं. माणसाच्या तोंडाचं काही खरं नाही, खरा फक्त काट्यावरचा आकडा. तेव्हा बाईंनी पंधराशे सांगितलंय, म्हणजे त्यांनीही हातचं राखलंच असणार. निम्म्यावर येऊ. निम्मं खाल्लं तर निम्म्या वेळात काम होईल. आता या हिशेबाला काय म्हणावं! ट्रकाला लागू असलेली वजाबाकी त्यानं स्वतःला लावली.

ताई आजारी असली तरी डबा सोडत नव्हती. स्टुलावर बसून, भिंतीला टेकून, धापा टाकत का होईना, पण स्वयंपाक करायची. त्यानं बाहेरचं जेवण लावतो म्हटलं तर तिनं डोळ्यांत पाणी आणलं. मग तो मुकाट डबा घेऊन निघायचा आणि काट्यावर जो ड्रायव्हर पहिला येईल त्याच्या हातात ठेवायचा. स्वतः सकाळी एक अंडं, दुपारी काकडी, संध्याकाळी पातळ सूप. काही दिवसांनी अंडंही सुटलं.

"जेवलास?" ताई विचारायची.

"भरपेट," हा सांगायचा.

दुपारी गाडी नसली की तो रिकाम्या पाटीवर जाऊन उभा राहायचा आणि काचेतून आकडा बघायचा. तो काटा ट्रकांचा, दहा-दहा किलोंच्या पायरीनंच हलणारा. आधी तो एकशेवीस दाखवायचा. मग एके दिवशी त्यानं एकशेदहा दाखवले. काटेशेठ उन्हात एकटाच उभा राहून हसला. महिना संपता संपता आकडा शंभरावर आला तेव्हा तर त्याला आकाश ठेंगणं झालं. तेवढ्यात डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तो पाटीवरच मटकन बसला. तेवढ्यात आलेल्या एका ड्रायव्हरनं उचलून खोलीत नेलं, पाणी पाजलं.

"शेठ, काय हे? तोंड बघा जरा आरशात!"

"अरे, ताईसाठी आहे," तो म्हणाला आणि पुढच्या गाडीची पावती मागच्या गाडीच्या नंबरावर फाडली. आयुष्यात पहिल्यांदा.

हात गार पडायचे, केस गळून उशीला चिकटायचे, कोणी मोठ्यानं बोललं तरी अंगावर काटा यायचा. पण मनात एकच. ताई आता स्वयंपाकापुरतीच खाटेवरून उठत होती. आज तपासून घेऊ, उद्या ऑपरेशन होईल, तिसऱ्या दिवशी तिच्या डोळ्यांचा पिवळेपणा जाईल. दिलेल्या तारखेची वाट न बघता तो आपणहून इस्पितळात गेला, बुटासकट काट्यावर चढला आणि म्हणाला, "बघा!"

वजन बघून नर्सनं कौतुक केलं. रक्ताचा निकाल आल्यावर मात्र कोणी कौतुक केलं नाही. डॉक्टरांनी आहाराच्या बाईंना बोलावून घेतलं.

"खरं सांगा, किती खात होतात?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही सांगितलं तेवढंच."

"खरं सांगा म्हटलं मी."

त्यानं सांगून टाकलं. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अहो, उपाशी शरीर मिळेल तिथून चरबी ओरबाडून काढतं, आणि ती सगळी एकदम लिव्हरवर येऊन पडते. पूर्वी नुसती चरबी होती. आता सूज आलीय. पित्ताचे खडेही धरलेत. अंगातलं मांस गेलंय ते वेगळंच."

"पण वजन तर उतरलं!"

"उतरलं," डॉक्टर म्हणाले. "पण हे लिव्हर मी कापू शकत नाही. आधी व्यवस्थित खायला लागा. दोन महिन्यांनी पुन्हा बघू."

"ताईला दोन महिने आहेत?"

डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यात काय ते कळलं. सांगितल्याप्रमाणे जेवला असता तर ऑपरेशनला आता फक्त एक महिना उरला असता, हेही त्याला तिथेच कळलं. ही वजाबाकी त्याला कोणी करून द्यायची गरज नव्हती.

घरी पोचला तर खाटेशेजारी एक ड्रायव्हर बसलेला. भला माणूस, ताईची चौकशी करायला आला होता आणि मनापासून बोलत होता, "ताई, तुमच्या हाताला काय चव आहे हो! महिनाभर आम्ही सगळे तुमच्याच डब्यावर आहोत. लवकर बऱ्या व्हा." त्या बिचाऱ्याला काय ठाऊक!

तो गेल्यावर ताईनं भावाकडे नीट पाहिलं. गालांची हाडं, ढगळ झालेला शर्ट.

"मी कोणासाठी रांधत होते रे?"

त्यानं इस्पितळाचे कागद पाठीमागे लपवले.

"इथं बसून, कळा सोसून, मी कोणासाठी रांधत होते?" तिचा आवाज चिरका झाला. "मी तुला उपाशी राहायला सांगितलं होतं? माझ्या हातचं जेवलास म्हणून सांगत होतास रोज. खोटारड्या!"

"ताई, ते घेत नाहीत गं माझं," तो म्हणाला आणि जमिनीवर बसून लहान पोरासारखा रडला. "मी नासवून टाकलं. तुझ्यासाठी होतं आणि मीच नासवलं."

हुंदके देत त्यानं बाईंचे पंधराशे, डॉक्टरांनी दिलेली दोन महिन्यांनंतरची तारीख, सगळं सांगून टाकलं. मग तिनं त्याचं डोकं आपल्या सुजलेल्या हातानं ओढून खाटेच्या कडेला टेकवलं. "ऊठ. भात आहे पातेल्यात. त्या बाईंनी सांगितलाय तेवढाच घे, पण तेवढा पुरता घे. माझ्यासमोर खा." आणि पहिला घास त्याच्या घशाखाली उतरेपर्यंत तिनं नजर हलवली नाही. "आता दोन महिने असंच. आणि तारखेला जायचं. मी असेन, नसेन, तू जायचंस. शब्द दे."

त्यानं शब्द दिला. त्या दिवसापासून तो तिच्यासमोर बसून मोजून जेवला. शेवटी शेवटी तिला ओळख राहिली नव्हती, तरी वाटी हातात घेऊन तो तिथेच बसायचा. तारखेला अजून बराच अवकाश असताना एका सकाळी ताई गेली.

तो जेवत राहिला. घास तोंडातच फिरायचा, पण पंधराशे म्हणजे पंधराशे. तारीख आली तसा तो अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून इस्पितळात गेला. तपासणीच्या खोलीत नवीन मुलगी होती. तिनं पोटावर गार जेल लावलं, यंत्र फिरवलं आणि पडद्याकडे बघता बघता तिचा चेहरा खुलला.

"अरे वा! काका, एकदम स्वच्छ झालंय. इतकं छान फार थोड्यांचं होतं. आता देता येईल बघा. कोणाला देताय?"

"ताईला," तो म्हणाला.

"मग थांबू नका, जा, सांगा त्यांना," ती म्हणाली. त्यानं पोट पुसलं, उठून बसला आणि शर्टाची बटणं लावायला लागला.