नेवाशाच्या स्टँडवरची भाड्याची सायकल

हल्ली शहरात बसमधून उतरलं की मोबाईलवर कुलूप उघडून सायकल घेता येते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला नेवाशाच्या एसटी स्टँडसमोर उस्मानचाचांच्या दुकानात अशी सोय होती. तासावर सायकल, वहीत नाव-गाव लिहायचं, झालं.

मी तेव्हा नगरला शिक्षिका होते. नदीपलीकडच्या खेड्यातून थोरल्या बहिणीचं पत्र आलं : दिवस भरलेत, लवकर ये. सकाळची एसटी धरली. नेवाशाला उतरले तर पुढची गाडी रद्द.

"सायकल घ्या, पन वर लई पाऊस झालाय," चाचा म्हणाले. "नदीच्या फरशी पुलावर पानी दिसलं की माघारी फिरा, बाई."

दांडीची पुरुषी सायकल, कच्चा रस्ता, पदर खोचलेला. दोनदा पडले. फरशी पुलावर घोट्याएवढं पाणी होतं. एक शेतकरी पलीकडे निघाले होते. मी त्यांच्यामागे सायकल हातात धरून पाण्यात शिरले.

मध्यावर पाणी गुडघ्याला लागलं. सायकल आडवी होऊन मला ओढू लागली.

"सोडा ती!" शेतकरी ओरडले.

दुसऱ्याची वस्तू कशी सोडायची? एवढ्यात पायाखाली फरशीच लागेना. त्यांनी माझा दंड धरून हिसका दिला, माझी मूठ सुटली. सायकल गेली.

त्यांच्या आधारानं पलीकडे पोचले. बहिणीला मुलगी झाली होती, दोघी सुखरूप. दोन दिवस पाणी उतरलं नाही. चाचांना काय सांगायचं, याचीच धास्ती होती.

तिसऱ्या दिवशी बैलगाडीनं नेवाशाला पोचले. दुकान बंद. शेजारच्या चहावाल्याला विचारलं.

"चाचा नदीवर हायेत. परवा सायकल घावली काठाला. बाई काय घावली न्हाई."

तशीच नदीकडे धावले. चाचा काठच्या झुडपांत बांबू खुपसत चालले होते.

"चाचा!"

त्यांनी वळून पाहिलं आणि मटकन खाली बसले.

"कुटं मेली हुतीस?" ते म्हणाले. "दोन दिस झालं हुडकतोय तुला."

"चाचा, तुमची सायकल..."

"गप बस."

त्यांनीच मला नगरच्या गाडीत बसवलं.

आता तिथं म्हणे उंच पूल झालाय. तरी पावसाळ्यात जाणार असाल तर वरच्या पावसाची चौकशी करा. तेव्हा नगरला परतल्यावर पाण्याची भीती हळूहळू ओसरली. पण तो बांबू झुडपांत काय चाचपत होता, हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो.