काचेपलीकडची बाटली

उन्हाळा लागला की आमच्या धंद्यात जेवायलाही सवड मिळत नाही. वर्षभर बंद पडलेला एसी लोकांना एकदम आठवतो आणि प्रत्येकाला सर्व्हिसिंग आजच हवी असते. त्या दिवशी सकाळी मी खारघरच्या एका सोसायटीत सहाव्या मजल्यावर होतो. घरात एक ताई आणि त्यांची तीनेक वर्षांची मुलगी, दोघीच. गेल्या उन्हाळ्यातही मीच त्यांचं काम केलं होतं.

आतल्या युनिटचं काम उरकलं होतं. बाहेरचं युनिट बेडरूमला लागून असलेल्या छोट्या बाल्कनीत होतं, मध्ये काचेचा सरकता दरवाजा. पंप मी बाल्कनीतल्या वॉशिंग मशीनच्या पॉइंटला लावला आणि पाण्याचा फवारा मारायला सुरुवात केली. तो पंप चालू असताना कानाशी कोणी ओरडलं तरी ऐकू येत नाही. माझी बॅग आत पलंगाजवळ होती. मोबाईलही तिच्यातच.

पंप बंद केला तेव्हा घराची बेल एकसारखी वाजत होती आणि माझ्या मागचा दरवाजा लागलेला होता.

काय झालं होतं ते नंतर कळलं. ताई कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेल्या आणि बाल्कनीतून आलेल्या वाऱ्याने मेन दरवाजा धाडकन आपटून लॅच लागला. इकडे मुलीने काचेचा दरवाजा ढकलला. पंपाच्या आवाजाचा त्रास झाला असेल. तो सरकवला की आतून आपोआप लॉक होतो. आई बाहेर, मी बाल्कनीत, आणि मध्ये ती एकटी.

ती माझ्या बॅगेपुढे उकिडवी बसली होती. हातात कोल्ड्रिंकची बाटली होती. आत फिकट गुलाबी पाणी.

ते पाणी नव्हतं. कॉइल धुवायचं केमिकल होतं. त्याचा पाच लिटरचा कॅन स्कूटरवर नेता येत नाही, म्हणून मी ते रिकाम्या बाटलीत भरून न्यायचो. दहा वर्षं असंच करत होतो. त्यावर चिठ्ठी नाही, खूण नाही. मला माहीत आहे ना, मग झालं, असं वाटायचं. हातावर पडलं तर आग होते, म्हणून मी स्वतः मात्र हातमोजे घालायचो.

"बाळा! ए बाळा, इकडे बघ!" मी काच ठोकली.

तिने वळून बघितलं, हसली आणि बाटली उंच धरून दाखवली. "शलबत!"

"शरबत नाही ते. छी! कडू असतं. ठेव खाली."

तिने बाटली पुन्हा निरखून पाहिली. मग झाकण दातात धरलं. मी ते किती घट्ट लावलं होतं? काही केल्या आठवेना.

मेन दरवाजाकडून ताईंचा आवाज आला. "बाळा, काकांना सांग दार उघडायला! काका आहेत ना आत?" मी काचेमागे अडकलोय हे त्यांना कुठून कळणार? मी जीव खाऊन ओरडलो, पण बेलच्या आणि त्यांच्याच हाकांच्या गोंगाटात माझा आवाज दोन बंद दारांपलीकडे पोचला नाही.

मुलगी काचेजवळ आली. "काका, आई म्हनते दाल उघड."

"तूच उघड. ते काळं बटण आहे ना, ते खाली ओढ." तिने बाटली काखेत धरून बटण वर ढकललं, मग बाजूला ढकललं. तिला जमेना. कंटाळली आणि काचेला पाठ टेकून तिथेच खाली बसली. बाटली मांडीवर, झाकण पुन्हा तोंडात.

माझ्या हातात मोठा पाना होता. काच फोडायला एक घाव पुरला असता. पण फोडली असती तर सगळी काच तिच्या डोक्यावर पडली असती. घामाने पाना हातातून निसटत होता.

"बाळा, लपाछपी खेळायची?"

ती वळली.

"मी डोळे झाकतो. तू लांब जाऊन लप. पण बाटली पलंगावर ठेव, नाहीतर तू दिसशील आणि आऊट होशील."

तिने जरा विचार केला. बाटली पलंगावर ठेवली. मी तोंडावर हात घेतले आणि बोटांच्या फटीतून बघत मोजायला लागलो. एक. दोन. ती बेडरूमच्या दारापर्यंत गेली, थांबली, परत आली आणि बाटली उचलून बाहेर पळाली.

पुढचे आकडे मी मोजलेच नाहीत. पान्याने काच फोडली. चपला घातलेल्या नव्हत्या, पायाला काय लागतंय ते बघितलंही नाही. काचेचा आवाज ऐकून ताई बाहेर किंचाळायला लागल्या.

"बाळा! कुठे आहेस?"

ओ नाही. डाव होता ना, लपलेला कधी ओ देतो? तो डाव मीच मांडला होता. बाथरूम बघितलं, किचन बघितलं, टेबलाखाली वाकलो. सोफ्यामागे फ्रॉकचं टोक दिसलं.

झाकण तिच्या मुठीत होतं. बाटली आडवी पडली होती. केमिकल फरशीवर, फ्रॉकवर, पायावर. मला बघून ती म्हणाली, "सापल्ले," आणि मग पाय चुरचुरला असेल, रडायला लागली.

तिला कडेवर घेऊन मी मेन दरवाजा उघडला. ताईंनी तिला ओढूनच घेतलं. "काय झालं? काय केलंत तुम्ही?"

"ताई, आधी पाणी. ॲसिडसारखं असतं ते. माझ्या बाटलीतलं."

नळाखाली धरून आम्ही तिचे पाय, हात, तोंड धूत राहिलो. मग बाटली आणि माझा मोबाईल उचलून तसंच खाली उतरून सोसायटीसमोरच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी बाटली हातात घेऊन फिरवली. "यात नेमकं काय आहे?"

मला सांगता येईना. आम्ही त्याला नुसतं केमिकलच म्हणतो. घणसोलीला घरी बायकोला फोन लावला. तिने कॅनवरची इंग्रजी अक्षरं एकेक करून वाचली, मी ती डॉक्टरांना सांगत गेलो. ताई माझ्याकडे बघत होत्या. डॉक्टरांनी टॉर्च लावून जीभ बघितली, ओठ उलटून बघितले, घसा बघितला. दोनदा बघितला.

"तोंडात गेलेलं दिसत नाही," ते म्हणाले. "पायाची कातडी लाल झालीय, ती बरी होईल. संध्याकाळपर्यंत लक्ष ठेवा. उलटी झाली, गिळायला त्रास झाला तर थांबू नका, थेट मोठ्या हॉस्पिटलला."

तोपर्यंत माझ्या पायाकडे कोणाचं लक्ष गेलं नव्हतं. माझंही नाही. दवाखान्याच्या फरशीवर रक्ताचे ठसे उमटले होते.

संध्याकाळी मी तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा ताईंनी उचलला. "झोपलीय. जेवली," एवढंच म्हणून ठेवला.

दुसऱ्या दिवशी काचवाल्याला घेऊन गेलो. ताईंनी दार अर्धंच उघडलं.

"बॅग इथेच रिकामी करा."

मी लॉबीत वर्तमानपत्र पसरून सगळं मांडलं. पाने, टेप, गेज, ब्रश. केमिकल आणलंच नव्हतं. त्यांनी खाली बसून एकेक वस्तू हातात घेऊन बघितली.

"गेल्या वर्षीही असल्याच बाटलीत आणलं होतं?"

"हो."

"तेव्हा ती दिसेल ते तोंडात घालायची." त्या उठल्या, मुलीला घेऊन दुसऱ्या खोलीत गेल्या आणि त्या खोलीचं दार लावून घेतलं. आम्ही बेडरूममध्ये जाऊन काचेचं माप घ्यायला लागलो.