वहिनींची घडीची खुर्ची

शनिवारी सकाळी मी मांजलपूरच्या मैदानावर फुटबॉलमध्ये हवा भरत होतो, तेव्हा पुतण्याचा फोन आला. "काका, आई गेली... झोपेतच." मी पंप हातात घेऊन उभाच राहिलो. मुली बूट बांधत होत्या आणि बाई अजून कशा आल्या नाहीत म्हणून रस्त्याकडे बघत होत्या. याला आता दीड महिना झाला.

नलूवहिनी फतेगंजातल्या एका मराठी शाळेत खेळाच्या बाई होत्या. आयुष्यभर खो-खो शिकवला. निवृत्त झाल्यावर सोसायटीतल्या सहा मुली म्हणाल्या, आम्हाला फुटबॉल खेळायचाय, आणि बाईंनी थेट क्लबच काढला! फुटबॉलचं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. मी स्कूटर चालवायचो, त्या मागे बसून मोबाइलवरचे नियम मोठ्यानं वाचायच्या. ऑफसाइड त्यांनी शेवटपर्यंत मान्य केला नाही. "पुढे धावली म्हणून शिक्षा? हा कुठला न्याय, भावोजी?" मग त्यांनी आपल्याला येत होतं तेच शिकवलं. आपल्या मुलीला समोरून अडवलं की त्या लायनीवरून ओरडायच्या, "खो!" तिनं चेंडू पायाखाली थांबवून तिथेच सोडायचा, मागून येणारीनं तो घेऊन दुसऱ्या दिशेला सुटायचं. समोरचे कोच हसायचे, मीही लाजून दुसरीकडे बघायचो. पण गोल व्हायला लागले हो! दर मॅचला त्या मला घडीची खुर्ची आणायला लावत, आणि तिच्यावर एक मिनिटही बसत नसत...

हेतल पादऱ्याहून बसनं यायची. आमची सगळ्यात चपळ पोरगी. तिच्या वडिलांनी, हसमुखभाईंनी सांगून टाकलं होतं की आता खेळ पुरे. वहिनी माझ्या स्कूटरवरून पादऱ्याला गेल्या आणि त्यांच्या बियाण्यांच्या दुकानात ठाण मांडून बसल्या. "एक मॅच जोवा आवो, भाई. पछी तमे ना पाडशो तो हुं कशुं नहीं बोलुं." एकदा येऊन बघा, मग नाही म्हणालात तरी चालेल, एवढंच त्यांचं मागणं. अखेर ते हो म्हणाले. त्या मॅचला पंधरा दिवस उरले असताना वहिनी गेल्या.

मुलींनी मॅच पुढे ढकलू दिली नाही. खुर्ची मी सवयीनं नेली, पण कुणी उघडली नाही. हसमुखभाई हाताची घडी घालून माझ्या शेजारी उभे. शेवटची पाच मिनिटं, एक-एक बरोबरी. हेतल चेंडू घेऊन सुटली आणि तिघींनी तिला कोंडलं. तिनं लायनीकडे पाहिलं. तिथे बाई नव्हत्या, मी होतो. इतकी वर्षं ज्याची लाज वाटली, ते माझ्याच तोंडून फुटलं, "खो!" हेतलनं चेंडू सोडला, मागून सानिका वाऱ्यासारखी आली... गोल! साठी उलटलेला मी रडत रडत नाचलो. वहिनी, इतकी तुमची आठवण तेराव्यालाही आली नव्हती.

"एणे बोल छोडी केम दीधो?" तिनं चेंडू का सोडून दिला, ते हसमुखभाईंना उमगेना.

"बेने शीखव्युं हतुं," मी म्हटलं. बाईंचीच शिकवण ती.

निघताना चप्पल झटकत त्यांनी पुढच्या मॅचचं विचारलं, "हवे पछीनी मॅच क्यारे?"

गेल्या रविवारी ते पुन्हा आले. मी खुर्ची उघडून पुढे केली, ते बसलेही. दोनच मिनिटं. हेतलच्या पायात चेंडू आला आणि ते उठून लायनीवर गेले. खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहिली.