लखीराम नाईकाने खाल्लेला गूळ

कामरगावहून कारंज्याकडे निघालं की डाव्या हाताला एक कच्ची वाट फुटते. त्या वाटेने दीड किलोमीटर गेलं की लखीराम नाईकाचा तांडा लागतो. बंजाऱ्यांची साठ-पासष्ट घरं, एक हातपंप, एक सेवालाल महाराजांचं देऊळ आणि देवळापुढे निंबाचं झाड. लखीरामचे वडील या तांड्याचे नाईक होते. त्यांच्यामागे नाईकपण लखीरामकडे आलं. नाईकाकडे सत्ता म्हणावी अशी काही नसते, शब्द तेवढा असतो. भांडण मिटवायचं असो की सगाई ठरवायची असो, शेवटी नाईक काय म्हणतो ते पाहिलं जातं.

लखीरामचं वय आता एकसष्ट. गेली अठ्ठावीस वर्षं तो दिवाळी झाली की तांड्यातली माणसं घेऊन पुण्याला बांधकामावर जातो आणि अक्षय तृतीयेच्या आत सगळ्यांना परत आणतो. नेताना मोजतो, आणताना मोजतो. पुण्यातल्या त्यांच्या वस्तीला तिथले लोक वाशिमवाल्यांची वस्ती म्हणतात. पत्र्याच्या खोल्या आहेत, वीज आहे आणि पाच वर्षांपूर्वी नळही आला. वर्षातले पाच-सहा महिने तिथेच जात असल्यामुळे तांड्यातल्या एकशे बारा जणांची नावं तिथल्याच मतदारयादीत आहेत. एका प्रभागात एकगठ्ठा एकशे बारा मतं म्हटल्यावर महापालिकेची निवडणूक आली की उमेदवारांना वाशिम जिल्ह्याची आठवण होते.

या खेपेला निवडणूक लागली तेव्हा लखीराम पुण्यात नव्हता. कार्तिकात त्याची बायको गोमतीबाई तिकडेच वारली. अकरा दिवस सरकारी दवाखान्यात होती. त्या अकरा दिवसांत तिच्या उशाशी सून निता असायची, आणि निता घरी गेली की शीला.

शीला मूळची वाशिमकडच्या जऊळक्याची. लग्न होऊन पुण्यात गेली आणि वस्तीत एका संस्थेची बालवाडी चालवू लागली. त्या बालवाडीत गोमतीबाईने नऊ वर्षं मुलांसाठी खिचडी रांधली. वस्तीला नळ मिळावा म्हणून शीलाने तीन वर्षं अर्ज केले, आणि एकदा तर चाळीस बायकांच्या डोक्यावर रिकाम्या घागरी देऊन त्यांना प्रभाग कार्यालयात नेऊन बसवलं. पहिली घागर गोमतीबाईची होती.

दवाखान्यात नवव्या दिवशी गोमतीबाई नवऱ्याला म्हणाली होती, "शीला उभी राहून राह्यली म्हंते. आपला तांडा तिच्या मागं राहू द्या."

"हाव," लखीराम म्हणाला होता.

"नुसतं हाव नका म्हणू. सांगान ना सगळ्याइले?"

"सांगतो ना, बाई."

दोन दिवसांनी ती गेली. गाडी करून तिला तांड्यावर आणलं. तिच्या मागोमाग निम्मा तांडा आला, तो तुरी काढायच्या म्हणून गावातच राहिला.

त्यानंतर लखीराम कोणाशी भांडला नाही आणि कोणापाशी रडलाही नाही. सकाळी उठून ओट्यावर बसायचा. निता चहाचा कप हातात द्यायची, तो प्यायचा. ताट पुढे ठेवायची, तो जेवायचा. ताटात मीठ कमी आहे की जास्त हे त्याने दोन महिन्यांत एकदाही सांगितलं नाही. हातात येईल ते तोंडात जात होतं, एवढंच.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जगदेव आला. हा कारंज्याचा मजूर ठेकेदार, दौलतराव शेठचा माणूस. दौलतराव म्हणजे पुण्यातले मोठे बिल्डर आणि त्या प्रभागातले उमेदवार. हल्ली तिथे एका प्रभागातून चार नगरसेवक निवडतात, अ, ब, क, ड अशा चार जागा. मतदाराने चार मतं द्यायची. दौलतरावांचं चौघांचं पॅनल होतं. ते स्वतः ड जागेवर होते आणि ब जागेवर त्यांची भावजय वैजयंती. त्याच ब जागेवर पाटी ही निशाणी घेऊन शीला अपक्ष उभी होती.

जगदेव ओट्यावर बसला. गोमतीबाईसाठी हळहळला, डोळे पुसले. तांड्यातले आठ-दहा जण येऊन उभे राहिले. मग त्याने पिशवीतून गुळाची ढेप काढली, खडा फोडला आणि म्हणाला, "नाईक, दौलतराव शेठनं तुमच्यासाठी पाठवला. घ्या."

खडा हातात आला. लखीरामने तोंडात टाकला.

तांड्याच्या रिवाजात सगाई ठरते ती गुळावर. दोन्हीकडच्या पंचांनी गूळ खाल्ला की शब्द पक्का. मग मुलीचा बाप राजाकडून मागणं आलं तरी फिरत नाही. हे जगदेवला ठाऊक होतं. म्हणून तर त्याने कारंज्याच्या बाजारातून पेढे न आणता गूळ आणला होता.

"चला बा," म्हातारा भिवाजी काठी टेकत म्हणाला, "नाईकानं गूळ खाल्ला. दौलतरावचं जमलं."

लखीरामच्या तोंडात तेव्हा खडा विरघळत होता. काय झालं ते त्याच्या ध्यानात आलं तेव्हा लोक उठून गेले होते आणि जगदेवची मोटारसायकल वाटेला लागली होती. उरलेली ढेप निताने फळीवर ठेवली. संध्याकाळपर्यंत पुण्यात राहिलेल्या साठेक जणांनाही फोनवर कळलं की नाईकाने गूळ खाल्ला.

"मामाजी," निताने रात्री जेवताना विचारलं, "आत्याबाईले काय कबूल केलं होतं तुमी?"

सासूला ती आत्याबाई म्हणायची. "हातात देल्ला त्यानं," लखीराम म्हणाला. "खाल्ला गेला."

निता बारावी शिकलेली होती आणि गप्प बसली की विचार करणारी होती. चार दिवसांनी जगदेवचा माणूस पत्रकं वाटून गेला. पत्रकावर चार फोटो, चारींखाली एकच निशाणी. निता पत्रक घेऊन सासऱ्यापुढे बसली.

"मामाजी, गूळ देताना जगदेवनं नाव कोणाचं घेतलं?"

"दौलतरावचं."

"वैजयंतीबाईचं घेतलं का?"

"नाई."

"बाकी दोघाइचं?"

"नाई घेतलं."

"मंग पाहा," तिने ब जागेवरच्या फोटोवर बोट ठेवलं. "दौलतराव ड वर हायेत. तुमचा शब्द ड चा. ब ची जागा मोकळी हाय. दौलतरावले मत द्या आन ब वर शीलाताईची पाटी दाबा. गूळबी मोडत नाई, आत्याबाईचा शब्दबी राह्यते. तुमी गाडीत सगळ्याइले एवढंच सांगा."

लखीरामने पत्रक हातात घेतलं. बराच वेळ पाहिलं. हिशोब बरोबर होता.

"सांगतो," तो म्हणाला.

संक्रांतीच्या दिवशी सकाळी सात वाजता देवळापुढे बस येऊन उभी राहिली. मतदान दुसऱ्या दिवशी होतं. बायकांनी पहाटेच तीळ वाटून घेतले होते. तुरी अर्ध्या कापायच्या राहिल्या होत्या. लखीरामने सवयीप्रमाणे दारात उभं राहून माणसं मोजली. बावन्न. मग उगाच मागे पाहिलं, त्रेपन्नावं कोणी येतंय का म्हणून, आणि आत चढला.

"एसीची गाडी हाय म्हंते," एक बाई म्हणाली.

"एसीची हाय, पण खिडकी उघडून नाई राह्यली," दुसरी म्हणाली. "उलटी आली तं काय दौलतरावच्या फोटोवर करू?"

"कर ना. चार फोटो हायेत, कोणताबी निवड."

बस हसली. भिवाजी म्हणाला, "अवं, अजून मत देल्लं नाई आन तुमी निवडून मोकळ्या झाल्या."

मेहकर गेल्यावर जगदेवने पुठ्ठ्याचं मतदान यंत्र काढलं. सीटांमधल्या वाटेतून फिरत प्रत्येकाच्या मांडीवर ठेवत तो शिकवू लागला. "चार बार दाबायचं. चारी बार हेच निशाणी. एक सुटलं तं मशीन बोंबलते, मंग साहेब विचारते."

"चारी बार एकच दाबायचं तं मशीन चार कायले ठेवले?" निताने विचारलं.

"सूनबाई, तुमी लई शिकल्या," जगदेव हसून म्हणाला आणि पुढे सरकला.

निताने सासऱ्याकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर पाहत होता. तिने मागून त्याच्या खांद्याला हात लावला. त्याने मान हलवली.

सिंदखेडराजाजवळ चहाला थांबून गाडी पुन्हा निघाली, तेव्हा जगदेवने आपण होऊनच ड्रायव्हरजवळचा माईक ओढला. "आता नाईक दोन शब्द बोलतीन. शांत बसा, पोट्टेहो."

लखीराम उठला. दोन्ही बाजूंच्या सीटांना धरत पुढे गेला. माईक हातात घेतला. बावन्न तोंडं त्याच्याकडे वळली. अठ्ठावीस वर्षं ही माणसं त्याच्या शब्दावर जाऊन येत होती. वाक्य तयार होतं. निताने सांगितलेलं, सहा-सात शब्दांचं, त्याने ते पाठही केलं होतं. ब वर पाटी. त्यापुढे गोमतीबाईचं नाव यायला हवं होतं, आणि ते नाव त्याने दोन महिन्यांत एकदाही तोंडाने उच्चारलं नव्हतं. त्याने तोंड उघडलं.

"पाण्याच्या बाटल्या रस्त्यावर फेकू नका," तो म्हणाला. "मागून मोटारसायकली येतेत."

गाडीत सगळे हसले. "आपला नाईक म्हंजे नाईक हाय!" कोणी तरी ओरडलं. जगदेवने टाळ्या वाजवल्या. लखीराम आपल्या जागेवर येऊन बसला. निताने या वेळी त्याच्या खांद्याला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी महापालिकेच्या शाळेत रांग लागली. आत खोलीत लखीरामला कोणी घाई केली नाही. त्याने दौलतरावांच्या निशाणीचं बटण तीनदा दाबलं, अ, क आणि ड वर. ब वर पाटी शोधली आणि बोट टेकवून दाबलं. मशीन वाजलं. एवढं सोपं होतं ते.

शाळेच्या फाटकापासून शंभर मीटरवर पांढरी रेघ मारली होती. तिच्या पलीकडे शीला उभी होती. दौलतरावांच्या मांडवात माणसं मावत नव्हती, हिच्यापाशी एक टेबल आणि तीन बायका. लखीरामला पाहून ती पुढे आली.

"नाईक, जेवले का?" तिने विचारलं.

"हाव."

"तब्येत पाहा जरा. गोमतीमावशी असती तं रागावली असती." पाटीबद्दल ती काही बोलली नाही. दौलतरावांची बस तिला समोर दिसत होती.

लखीरामला सांगायचं होतं की मी तुलाच दिलं. पण एका मताचं काय सांगायचं, असं वाटून तो पुढे चालू लागला.

दुपारी जेवण उरकून बस परत फिरली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तांड्यावर आली. लखीरामने उतरताना माणसं मोजली. बावन्न. दुपारपर्यंत निकाल मोबाइलवर आला. दौलतराव मोठ्या फरकाने निवडून आले होते, पॅनलचे बाकी दोघेही आले. ब जागेवर वैजयंती निवडून आली. शीला एकसष्ट मतांनी पडली.

तांड्यात कोणी काही म्हटलं नाही. म्हणण्यासारखं कोणाला काही माहीतच नव्हतं. लखीरामचा शब्द नेहमीसारखा पाळला गेला होता. जगदेवचा फोन आला, "नाईक, शेठ खूश हायेत." लखीरामने तो ऐकला आणि ठेवला. मग निंबाखाली जाऊन बसला. एकशे बारा आणि एकसष्ट. कसंही मांडलं तरी उत्तर तेच येत होतं.

तीन दिवसांनी शीलाचा फोन आला.

"नाईक, वस्तीच्या मशीनवर मले नऊ मतं पडले," ती म्हणाली. "कोणाचे हायेत ते मी विचारत नाई. एक तुमचं हाय हे मले माहीत हाय."

लखीराम मनात मोजू लागला. एक आपलं, एक निताचं. उरलेली सात निताने कोणाकोणाला सांगून मिळवली असतील, ते त्याला ठाऊक नव्हतं.

"माह्या तोंडून निंगालं नाई, शीला," तो शेवटी म्हणाला.

"जाऊ द्या. मी फोन कायले केला ते ऐका. बालवाडी सोमवारपासून पुन्हा चालू करून राह्यली. खिचडीले बाई नाई. निताले पाठवता का?"

"हाव," लखीराम म्हणाला. त्याच्याच कानाला तो शब्द ओळखीचा वाटला.

फोन ठेवल्यावर निताने चहाचा कप आणून हातात दिला. त्याने घोट घेतला, दुसरा घेतला आणि कप तोंडाजवळून दूर धरला.

"चहा गुळाचा हाय," तो म्हणाला.

निता थबकली. दोन महिन्यांत त्याने चवीबद्दल काही बोलण्याची ही पहिली वेळ. "साखर सरली होती," ती म्हणाली. "फळीवर जगदेवनं आणलेली ढेप होती, तीच फोडली."

लखीरामने कप जमिनीवर ठेवला. उरलेला प्यायला नाही.

"सोमवारी खिचडीले जायचं हाय तुले," तो म्हणाला. "शीलाचा फोन होता."

"आन तुरी?"

"भिवाजीचा पोरगा पाहीन. मीबी येतो. ते कढई मोठी हाय, भरल्यावर एकटीले उचलत नाई. तुही सासू मले हाक मारे."

निताने जमिनीवरचा कप उचलला. तो उठला आणि आत जाऊन खुंटीवरची पिशवी काढू लागला.