डांबरावरचा पांढरा पट्टा

गुरुदत्त सामंतांचं नाव आमच्या मंडळाच्या एकाही स्मरणिकेत नाही. देणगीदारांत नाही, स्वयंसेवकांत नाही, आभारांच्या यादीत तर नाहीच. त्या याद्या तीन वर्षं मीच टाइप करत होते. मी शैलजा, मंडळाची सेक्रेटरी, त्यामुळे दोष द्यायला दुसरं कोणी शोधायला नको. माझा स्वभाव फटकळ आहे हे मी नवऱ्याला लग्नाआधीच सांगून टाकलं होतं. पण फटकळ माणूस खरं बोलतोच असं काही नाही. तो नको तिथे तोंड उघडतो आणि हवं तिथे मूग गिळून बसतो, हे मला फार उशिरा कळलं.

आम्ही २००१ साली पुण्याहून अ‍ॅरिझोनात चँडलरला आलो. इथली मराठी माणसं एकतर चिप बनवणाऱ्या कंपनीत, नाहीतर कुठल्यातरी बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये. गुरुदत्तकाका तेवढे एकटे डांबरातले. मूळचे कुडाळचे, सिव्हिलचा डिप्लोमा केलेले. शहाऐंशी साली मेहुण्याच्या ओळखीने इथे आले आणि मेसामधल्या एका पेव्हिंग कंपनीत फावडं धरून फोरमनपर्यंत चढले. दुकानांचे, शाळांचे, अपार्टमेंटचे पार्किंग लॉट करायचे, त्यांच्या भेगा भरायच्या, दर तीन-चार वर्षांनी वर काळा थर द्यायचा, हे त्यांचं काम. उन्हाळ्यात पहाटे साडेतीनला घर सोडायचे, कारण दुपारी त्या डांबराजवळ उभं राहवत नाही. नखांच्या कडेला काळी रेघ कायमची. आमच्यातल्या बायका पाठीमागे त्यांना डांबरकाका म्हणायच्या. ते नाव मीच ठेवलं होतं.

२००६ च्या मार्चमध्ये मंडळाने एक बंद पडलेली डान्स स्कूलची इमारत लीजवर घेतली. आपली अशी पहिलीच जागा. समोर पन्नास गाड्यांचा लॉट, पार राखाडी पडलेला आणि भेगांतून गवत आलेला. काका आले, उकिडवे बसले आणि गाडीची किल्ली एकेका भेगेत घालून खोली बघत राहिले. इथलं ऊन डांबरातलं तेल खातं, म्हणाले. डोक्याला तेल नाही लावलं की टाळू कशी कोरडी पडते, तसंच. मग म्हणाले, सामान मंडळाने आणावं, काम मी करतो, शनिवार माझेच आहेत.

बदल्यात त्यांनी काही मागितलं नाही. पण आमचे अध्यक्ष सत्यजित यांनी भर मिटिंगमध्ये जाहीर केलं की नव्या जागेतल्या पहिल्या गणपतीच्या पूजेला यजमान म्हणून गुरुदत्तकाका आणि सुचित्राकाकू बसतील. काका म्हणाले की इतक्या वर्षांत आपल्या लोकांनी मला कधी पाटावर बसवलं नव्हतं. आणि ते खरंच होतं. दरवर्षी यायचे, शेवटच्या पंगतीला जेवायचे, खुर्च्यांच्या घड्या घालून ठेवायचे आणि जायचे. आम्हाला त्यांच्या मुलांची नावंसुद्धा माहीत नव्हती.

लॉटचं काम नोव्हेंबरात करू, असं त्यांचं म्हणणं. थंडी पडली की थर नीट बसतो, ऑगस्टमध्ये वादळं येतात, धूळ चिकटते. मला मात्र तो गणपतीच्या आधी हवा होता. बाप्पाला काय त्या भेगांवरून आणायचं? मी सगळ्यांदेखत म्हटलं, "काका, पगाराची कामं भर उन्हाळ्यात करता, आणि घरचं काम तेवढं नोव्हेंबरात होय?" उचलली जीभ, लावली टाळ्याला. लोक हसले. काकाही हसले, आणि पुढचे तीन शनिवार पहाटे येऊन त्यांनी गवत जाळलं, भेगा भरल्या, थर दिला. लॉट असा काळाभोर झाला की मी त्याचे फोटो काढून पुण्याला पाठवले.

गणपती रविवारी होते. गुरुवारी संध्याकाळी काकांचा फोन आला. मी मुलांच्या लेझीमच्या प्रॅक्टिसवरून नुकती घरी आले होते आणि एका हाताने पोरांना वरणभात वाढत होते.

"ताई, लॉट आता काळा आहे," ते म्हणाले. "राखाडी होता त्याहून जास्त तापणार. मिरवणूक नऊच्या आत उरका आणि कोणाला अनवाणी उभं राहू देऊ नका. पोरांना तर नाहीच. एवढं ग्रुपच्या मेलमध्ये टाकाल का?"

टाकते म्हटलं. आणि जेवणं झाल्यावर मी मेल लिहायला बसले. पार्किंग कुठे, कोणी कुठला पदार्थ आणायचा, आरती किती वाजता. मुलांच्या वेषाच्या ओळीत मी लिहिलं : मुली नऊवारी, मुलगे धोतर, सगळे अनवाणी, स्पोर्ट्स शूज चालणार नाहीत. हे मी त्यांच्या फोननंतर लिहिलं. विसरले असते तर आज एवढं लागलं नसतं. मी विसरले नव्हते. मला वाटलं, दहा मिनिटांचं तर लेझीम, हे काका उगीच घाबरवतात. नऊवारीखाली बूट घातलेल्या पोरी माझ्या डोळ्यांसमोर येत होत्या आणि ते मला नको होतं.

नऊची मिरवणूक पावणेबाराला निघाली. ढोलवाले टुसानहून येणार होते, ते वाट चुकले. मग कोणाची तरी समई घरी राहिली. आपल्या लोकांना वेळ पाळायला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तापमान एकशे आठ फॅरनहाइट होतं, आपल्याकडचं बेचाळीस. बारा मुलं लॉटवर ओळीत उभी राहिली, ढोल सुरू झाला आणि मिनिटाभरात मुलं एक पाय वर, एक पाय खाली करायला लागली. चार-पाच पळून भिंतीच्या सावलीत गेली. प्रेक्षक हसत होते. सत्यजित आणि प्रतिमाची नेत्रा, सात वर्षांची, ती मात्र हलली नाही. मी प्रॅक्टिसला दहादा बजावलं होतं की काही झालं तरी ओळ मोडायची नाही. मी कॅमेरा घेऊन समोर उभी होते. तिचा चेहरा ओला दिसत होता. मला वाटलं, घाम. मी तिला म्हटलं, नेत्रा, स्माइल.

काका आत सोवळ्यात, सकाळपासून उपाशी, पाटाशेजारी थांबलेले. दारातून त्यांना दिसलं असावं. ते तसेच धावत आले, नेत्राला उचललं, आख्खा लॉट ओलांडून आपल्या ट्रककडे गेले आणि मजुरांसाठी ठेवलेल्या पिण्याच्या पाण्याच्या मोठ्या पिंपाची तोटी तिच्या तळव्यांवर सोडली. मी मागून पोचले तेव्हा तिच्या दोन्ही तळव्यांची कातडी फुगून पांढरी झाली होती. ती मला म्हणाली, "I didn't break the line." ते वाक्य मी अजून ऐकते.

प्रतिमा आणि सत्यजित तिला घेऊन अर्जंट केअरच्या दवाखान्यात गेले. आणखी सहा मुलांना फोड आले होते, काका एकेकाला तोटीखाली धरत होते. आत मुहूर्त टळत होता, म्हणून आमचे खजिनदार अनिल आणि त्यांची बायको पाटावर बसले. पूजा झाली.

बुधवारी संध्याकाळी मिटिंग झाली. नेत्रा तीन आठवडे चालू शकणार नव्हती. प्रतिमा माझी जिवाची मैत्रीण. बाळंतपणात तिने माझं सगळं केलं होतं, माझ्या घराची किल्ली तिच्याकडे असायची. तिचे डोळे रडून सुजले होते. मुलांना अनवाणी उभं करायचं ठरलं, त्यावर कोणाला काही म्हणायचं नव्हतं, कारण ते सगळ्यांनीच मान्य केलं होतं. आपल्याकडे पूजेला अनवाणीच असतात. राग यायला माणूस हवा होता, आणि काका उशिरा आले, पायात रबरी स्लिपर. मला वाटलं, मिटिंगला यायची ही काय पद्धत.

सत्यजितनी आवाज चढवला नाही. "तुम्ही वीस वर्षं या धंद्यात आहात," ते म्हणाले. "आम्हाला एका शब्दाने सांगता आलं नाही?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. वाट बघत होते. गुरुवारचा फोन दोघांनाच माहीत होता, त्यांना आणि मला. एकच वाक्य बोलायचं होतं : काकांनी सांगितलं होतं, मी मेलमध्ये टाकलं नाही. माझ्यासमोर इतिवृत्ताची वही होती. मी खाली मान घालून तारखेखाली रेघ ओढली. मग तिच्याखाली आणखी एक ओढली.

"सांगायला पाहिजे होतं," काका म्हणाले. "माझं चुकलं."

ते मी वहीत लिहिलं. श्री. सामंत यांनी चूक मान्य केली, असं, माझ्या अक्षरात. मग कोणीतरी म्हणालं, थरात काहीतरी स्वस्तातलं केमिकल घातलं असणार. दुसरं कोणी म्हणालं, यजमानच पाटावरून उठला, तेव्हाच समजायचं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर इतिवृत्त लिहीत बसलेला. काका खुर्ची घडी घालून भिंतीला लावून गेले. त्यानंतर ते मंडळात आले नाहीत.

ऑक्टोबरात इंडियन ग्रोसरीमध्ये सुचित्राकाकू भेटल्या. त्यांनी आधी नेत्राची चौकशी केली. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, काका हल्ली दिसत नाहीत. काकू पोह्यांचं पाकीट उलटसुलट करत म्हणाल्या की दोन आठवडे घरी होते, पाय भाजले होते ना. बुटात पाऊल जात नव्हतं. तरी मिटिंगला जातो म्हणाले, नाही गेलो तर लोकांना वाटेल तोंड चुकवतो. म्हणून स्लिपर घालून आले होते. काकूंना फोनचं माहीत होतं की नाही, मला त्यांच्या तोंडावरून कळलं नाही. मी गाडीत बसून रडले. खूप रडले. आणि घरी जाऊन काय केलं? काही नाही. आता जुनं झालं, कशाला उकरायचं, असं मनाशी म्हणत वर्ष काढलं. प्रतिमाकडे दर शुक्रवारी चहाला जात राहिले, नेत्राच्या तळव्यांकडे न बघता.

२००७ च्या गणपतीला लॉटवर एक पांढरा पट्टा दिसला. गाड्यांपासून दारापर्यंत, तीन माणसं शेजारी चालतील एवढा रुंद, आणि दारासमोर पालखीपुरता चौकोन. अनिल म्हणाले, इमारतीच्या मालकाने मारून घेतला असेल. पांढऱ्यावर ऊन ठरत नाही, त्या वर्षी सगळे त्याच्यावरून गेले आणि कोणाला काही झालं नाही. मीही गेले. मालकाचे आभार मात्र स्मरणिकेत छापले.

मग माणसं दुसऱ्या राज्यांत पांगायला लागली. सत्यजितला नोव्हायच्या एका ऑटो कंपनीत नोकरी लागली, अनिल अ‍ॅशबर्नला गेले. २००८ मध्ये माझ्या नवऱ्याची बॉथेलला बदली ठरली. गणपतीच्या आधीच्या शनिवारी मी मखराचं सामान ठेवायला सकाळी सहाला हॉलवर गेले, तर लॉटमध्ये तो ट्रक उभा. गुडघ्याखाली गोणपाट घेऊन काका रंगाचा रोलर चालवत होते. केस पार पिकले होते. मागच्या वर्षीचा पट्टा टायरांनी पुसट झाला होता, त्याच्यावरूनच नवा ओढत होते.

मी जवळ गेले. दोन वर्षं जे वाक्य तोंडात धरलं होतं ते एका दमात बोलले. फोन तुम्ही केला होता, मेलमध्ये मी टाकलं नाही, मिटिंगमध्ये गप्प बसले, चूक माझी, काका, तुमची नाही.

त्यांनी ऐकून घेतलं. रोलर ट्रेमध्ये बुडवला, जास्तीचा रंग कडेला निथळू दिला.

"ताई, मला सांगून काय उपयोग?" ते म्हणाले. "मला तर माहीतच होतं."

मग म्हणाले, रंग ओला आहे, बाजूने जा.

मी बाजूने गेले. त्या बुधवारच्या मिटिंगमधलं काका आणि मी सोडून गावात आता कोणी उरलं नव्हतं. म्हणून बॉथेलला जाण्याआधी मी सगळ्यांना मेल लिहिली. एकही गोष्ट लपवली नाही. फोन, मेल, रेघा, स्लिपर, पांढरा पट्टा, सगळं तारीखवार लिहिलं, आणि वर नाव घातलं, गुरुदत्त सामंत. प्रतिमा आयुष्यात माझं तोंड बघणार नाही, हे मी धरून चालले होते.

अनिलचं उत्तर आलं नाही. प्रतिमाचं आठ दिवसांनी आलं. अगं, किती लांबलचक मेल, म्हणाली, ऑफिसात भराभर नजर टाकली, वीकेंडला नीट वाचते. नोव्हायला ये ना, नेत्रा आता कथक शिकते. आणि शेवटी एक ओळ होती : हे गुरुदत्त म्हणजे कोण गं, ज्यांच्यामुळे नेत्राचे पाय भाजले तेच ना?