कालव्यापलीकडची बाग

इंडोनेशियातल्या जांबीच्या दलदलीतल्या एका गावात युस्नाइनी पामच्या घडांची दलाली करायची. छोट्या बागायतदारांकडून लालभडक घड उचलायचे, ट्रकमध्ये भरायचे आणि तेलाच्या गिरणीत पोचवायचे. बाई तोंडाने फटकळ, पण काटा मारणारी नव्हे. सारं गाव तिला कक युस, म्हणजे युसताई, म्हणे.

मग नियम आला. दलालाला परवाना हवा आणि ज्या बागेतला माल, ती बाग नकाशावर हवी. नाहीतर गिरणी घड घेणार नाही. युस्नाइनी फोन घेऊन बागोबाग हिंडली. प्रत्येक कोपऱ्यात उभं राहायचं आणि फोनवर खूण करायची. शेवटी उरली ती कालव्यापलीकडची, तारमिझी नावाच्या म्हाताऱ्याची. त्याला सगळे पाक, म्हणजे बाबा, म्हणत.

त्याला तिने कधी पाहिलं नव्हतं. नवऱ्यामागे धंदा तिच्याकडे आला तेव्हापासून हेच चाललेलं: कालव्यावरच्या पुलाशी घड रचलेले असायचे, पैसे तिथल्या डब्यात ठेवायचे. बायको गेल्यापासून म्हातारा माणसांना विटलाय, असं लोक म्हणत.

रानातल्या आगींचा धूर भर दुपारीही कोंडून राहिला होता. पुलाशी ट्रक लावला, पण ड्रायव्हर बुरहान खाली उतरेना.

"कक, तुम्ही या जाऊन. मी ट्रक राखतो."

"हे डबडं कोण पळवणार आहे रे? हॉर्न तरी वाजतो का त्याचा?" असं म्हणत ती एकटीच पलीकडे गेली.

पहिल्या कोपऱ्यात तिने खूण केली. पुढे वाटच नव्हती. नेचे छातीपर्यंत वाढलेले, वाळक्या झावळ्या जमिनीला टेकलेल्या. कित्येक वर्षांत इथे कोयता लागला नव्हता. मधोमध एक झोपडी होती आणि तिचं छप्पर फोडून पामचं झाड वर गेलं होतं.

धप्प! घड पडल्याचा आवाज.

"पाक! मी युस, दलालीण!"

पुन्हा धप्प. या वेळी पाठीमागे. एक पान हललं नाही.

ती पळत सुटली. पुलाशी ताजे घड रचलेले होते, देठांतून रस गळत होता. बुरहान काचा वर करून बसला होता.

"कोणी आणले रे हे?"

"मला वाटलं, तुम्हीच," तो म्हणाला. घडांकडे मात्र त्याने पाहिलं नाही.

परवान्याच्या कचेरीत साहेबाने नकाशा उघडला. "शाबास! कालव्यापलीकडचेही चारही कोपरे नीट आलेत."

"मी एकाच कोपऱ्यात उभी होते."

"मग बाकीचे कोणी केले? फोन तर तुमचाच."

युस्नाइनीने फोन टेबलावर पालथा ठेवला. "ती बाग काढून टाका साहेब. मालक नाहीये तिथे."

बाग निघाली, परवाना मिळाला.

पुढल्या खेपेला घड पुलाशी होतेच. पलीकडे धुरात कोयत्याचे घाव ऐकू येत होते. ती खाली उतरली, डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि तिकडे तोंड करून म्हणाली, "पाक, इतकी वर्षं तुम्ही दिलंत, आम्ही घेतलं. आता नाही घेता येणार. कागदावर माणूस लागतो हो."

घाव थांबले.

त्या संध्याकाळी तिने इमामांकडून म्हाताऱ्याच्या नावाने दुआ पढवून घेतली. घड पुलाशीच कुजले. नवे पुन्हा आले नाहीत.