देवाच्या दारातल्या चपला

दोह्यातल्या अल थुमामा भागात आमच्या घरासमोरच्या मशिदीबाहेर शुक्रवारी चपलांचा ढीग दिसला, की मला आईचे थंडीने लाल झालेले पाय आठवतात. तिला घेऊन आम्ही इथून स्पेनला सुट्टीवर गेलो होतो, आणि तो दिवस जुन्या इमारती बघण्याचा होता. एका प्रचंड चर्चमध्ये रंगीत काचांतून लाल-निळा उजेड खांबांवर सांडला होता, आणि आई मान वर करून बघतच राहिली. मागच्या दाराने बाहेर पडलो तेव्हा ती दचकून म्हणाली, "अगं, माझ्या चपला पुढच्या दारात राहिल्या!" देवाचं घर म्हणून तिने सवयीने काढून ठेवल्या होत्या. रखवालदार परत आत सोडेना, त्याची भाषा मला कळेना. वळसा घालून पुढे गेलो, तर चपला गायब. माझे बूट तिला होईनात. गार फरशीवर अनवाणी उभी राहून उलट तीच मला समजावत म्हणाली, "देवाच्या दारातून चपला गेल्या, म्हणजे पीडा टळली बघ!" मी "हो" म्हटलं. तिचे रिपोर्ट तेव्हा माझ्या पर्समध्ये होते, आणि डॉक्टर काय म्हणाले ते तिला अजून कुणीच सांगितलं नव्हतं. आता नमाज सुटली, की जो तो आपली जोडी पायात घालून घरी जातो, आणि ढीग सरेपर्यंत मी खिडकीतून हलत नाही.